वितळतार तारेला वाचवते, गायकाला कोण वाचवते?

दादर म्हटले की मुंबईकराला नाटक, गाणे आणि गणेशोत्सव या गोष्टी आपोआप आठवतात. प्लाझा चित्रपटगृहासमोरच्या शिवाजी मंदिरात १९६५ सालापासून नाटकांबरोबर वाद्यवृंदांचे आणि भावगीतांचेही कार्यक्रम होत आले. छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ नंतर प्रायोगिक नाटकांची चळवळ वाढली. हार्मोनियमसाठी नाव मिळवलेला हरिभाऊ विश्वनाथ यांचा १९२५ साली सुरू झालेला व्यवसायही दादरचाच. या परिसरातल्या व्यासपीठांवर गेल्या शंभर वर्षांत एक मोठा बदल घडला. पूर्वी कलावंताच्या डोक्यावर दिव्याच्या रूपाने टांगलेली वीज आता त्याच्या हातात आणि ओठांशी आली आहे.

या बदलाने आवाज दूरवर पोहोचला, पण एक धोकाही आणला. त्या धोक्यापासून वाचण्याचे उपाय टप्प्याटप्प्याने सापडले आणि प्रत्येक टप्प्यावर आधीच्या उपायाची मर्यादा कळत गेली. हा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत. शाळेचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सव किंवा साधी गायनस्पर्धा असली तरी माइक लावण्याची जबाबदारी बहुधा शिक्षकांवरच येते. म्हणून हा विषय केवळ वादकांचा नाही.

दिव्यांसाठी आलेली वीज

संगीत नाटकांच्या वैभवाच्या काळात गायक नटाचा आवाज कोणत्याही यंत्राच्या मदतीविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत असे. साथीला ऑर्गन, सारंगी, तबला अशी वाद्ये असत. त्यांतल्या एकालाही विजेची गरज नव्हती.

मुंबईत विजेचे दिवे प्रथम १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये लागले, पण तो प्रयोग फार काळ टिकला नाही. शहराला नियमित वीज मिळू लागली ती १९०५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीमुळे. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. १९१५ साली टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज येऊ लागली आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी वितरणाचे काम महानगरपालिकेकडे आले. तीच आपली ‘बेस्ट’. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती याच काळातल्या. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने त्या वसवल्या.

घरात आणि सभागृहात येणारी ही वीज मुख्यतः दिवे आणि पंखे यांसाठी होती. दिवा छताला, पंखाही छताला. दोन्ही हाताच्या टप्प्याबाहेर. त्यामुळे विजयुक्त तार आणि तटस्थ तार अशा दोन तारा पुरेशा वाटत. आगीची भीती मात्र खरी होती. तारा लाकडी पट्ट्यांतून नेत, त्यांच्यावर कापड आणि रबर यांचे आवरण असे. दोन तारा चिकटल्या की प्रचंड धारा वाहून तारा तापत. त्यावरचा उपाय म्हणजे वितळतार. धारा मर्यादेपलीकडे गेली की ती वितळते आणि परिपथ तुटतो.

वितळतारेचे हे काम नीट लक्षात ठेवायला हवे. ती तारांना तापू देत नाही, आग लागू देत नाही. एखाद्या माणसाच्या शरीरातून धारा वाहत आहे की दिव्यातून, हे तिला कळत नाही.

कलावंत परिपथात शिरतो

१९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा मूळ नमुना असलेला चलकुंडल ध्वनिक्षेपक मांडला. निर्वात नळ्यांचे वर्धक, म्हणजे अँप्लिफायर, तोपर्यंत तयार झाले होते. भारतात या यंत्रणेचा प्रसार राजकीय सभांनी केला. स्वातंत्र्यचळवळीतल्या नेत्यांच्या छायाचित्रांत माइकवर ‘चिकागो रेडिओ’ ही पाटी अनेकदा दिसते. ही मोटवाने कुटुंबाची कंपनी. पुढे माइक सभांतून नाट्यगृहात, मांडवात आणि शाळेत पोहोचला.

निर्वात नळ्यांच्या वर्धकात आतला दाब तीनशे ते पाचशे व्होल्टपर्यंत असे आणि प्लग काढल्यानंतरही संधारित्रात काही काळ विद्युतभार शिल्लक राहत असे. त्याच काळात रोहित्राशिवाय चालणारे स्वस्त रेडिओ संच जगभर विकले जात. त्यांची धातूची चौकट थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असे. दोन पायांचा प्लग उलटा बसला की चौकट विजयुक्त होई. लाकडी पेटीमुळे रेडिओ ऐकणारा सुरक्षित राही. पण अशाच प्रकारच्या वर्धकाला एखादे वाद्य जोडले, तर चौकटीवरची वीज त्या वाद्यापर्यंत पोहोचे.

१९३० च्या दशकात विजेची गिटार आली. तिच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की वेटोळ्यात फॅराडेच्या नियमाप्रमाणे धारा निर्माण होते. बाहेरची घरघर कमी व्हावी म्हणून गिटारच्या तारा वर्धकाच्या चौकटीला जोडलेल्या असतात. म्हणजे वादकाची बोटे सतत वर्धकाच्या चौकटीला टेकलेली असतात असे म्हणायला हरकत नाही.

गिरगाव, परळ, लालबाग आणि दादरच्या मिरवणुकांत गिटारचे काम ‘बेंजो’ करतो. १९१२ च्या सुमारास जपानमध्ये तयार झालेल्या ताइशोगोतो या वाद्यावरून आपल्याकडचा बुलबुलतरंग आला. त्याला टंकलेखन यंत्रासारख्या कळा असतात. मुंबईच्या वादकांनी त्याच्या तारांखाली गिटारसारखेच चुंबकीय वेटोळे बसवले, त्याला वर्धक आणि कर्णे जोडले आणि सगळे हातगाडीवर चढवले. शास्त्रीय गायकही यातून सुटलेला नाही. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केल्यापासून तंबोऱ्याच्या जागीही मेन्सवर चालणारी पेटी दिसू लागली.

आता एका गायक-वादकाचा विचार करू. त्याचा हात वाद्याच्या तारेवर आहे आणि ओठ माइकच्या जाळीला टेकले आहेत. तारा एका वर्धकाला जोडल्या आहेत, जाळी दुसऱ्या वर्धकाला. दोन्ही चौकटी जमिनीच्याच विभवावर असतील तर काही बिघडत नाही. परंतु एका वर्धकात आवरण झिजून विजयुक्त तार चौकटीला लागली आणि त्या वर्धकाला भूसंपर्क नसला, तर हात आणि ओठ यांच्यामध्ये २३० व्होल्टचे विभवांतर येते.

घामेजलेल्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १५०० ओहम धरू. ओहमच्या नियमाने धारा येते २३० भागिले १५००, म्हणजे जवळजवळ ०.१५ अँपिअर किंवा १५० मिलिअँपिअर. सेकंदभरही टिकली तर ही धारा हृदयाचे ठोके विस्कळीत करण्यास पुरेशी आहे. पाच अँपिअरच्या वितळतारेच्या दृष्टीने मात्र ती क्षुल्लक, तिच्या मर्यादेच्या तेहतिसाव्या हिश्श्याएवढी. वितळतार शाबूत राहते, दिवे चालू राहतात आणि माणूस कोसळतो.

नेमके असेच ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे घडले. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वी कार्यक्रमाच्या वेळी व्यासपीठावर असताना भूसंपर्क नसलेल्या माइकला त्याचा हात लागला आणि प्रेक्षकांसमोर त्याला प्राण गमवावे लागले.

तिसरी पिन आणि घरघर

या धोक्यावरचा दुसरा उपाय म्हणजे भूसंपर्क, बोलीभाषेत अर्थिंग. आपल्याकडील तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड आणि लांब पिन त्यासाठी असते. लांब असल्यामुळे ती आधी आत जाते आणि शेवटी बाहेर येते. उपकरणाची चौकट या पिनेतून जमिनीला जोडली जाते. विजयुक्त तार चौकटीला लागली की धारेला कमी रोधाचा मार्ग मिळतो. त्या मार्गाचा एकूण रोध एक ओहम असेल तर २३० अँपिअर धारा वाहू पाहते आणि वितळतार तत्काळ तुटते.

उपाय चांगला, पण व्यासपीठावर त्याला एक विचित्र शत्रू भेटला. तो म्हणजे कान. दोन वर्धक दोन वेगवेगळ्या बोर्डांना जोडले की दोघांच्या भूसंपर्कांत थोडासा फरक असू शकतो, अगदी एखाद्या व्होल्टचा अंशही. दोघांना जोडणाऱ्या ध्वनिवाहक तारेच्या जाळीतून या फरकामुळे धारा वाहू लागते आणि कर्ण्यातून ५० हर्ट्झची व तिच्या पटींची ‘घुंऽऽ’ ऐकू येते. भूसंपर्क तारांचे एक बंद वेटोळे तयार झालेले असते. कोणीतरी एका वर्धकाची तिसरी पिन काढतो किंवा तिची तार कापतो. वेटोळे तुटते, घरघर थांबते, सगळे खूश होतात.

हा जालीम उपाय जगभरच्या वादकांनी एकमेकांना शिकवला. तो कान सुखावतो आणि त्यामुळेच घातक ठरतो, कारण पिन कापल्यावर ताबडतोब काहीच वाईट होत नाही. त्या वर्धकात बिघाड होईल त्या दिवशीच कापलेल्या तारेचे महत्त्व कळते. घरघर घालवण्याचा योग्य मार्ग वेगळा आहे. सगळी ध्वनियंत्रणा एकाच बोर्डावरून चालवायची, म्हणजे भूसंपर्क एकच राहतो. तेवढ्याने भागले नाही तर ध्वनिवाहक तारेत छोटे विलग करणारे रोहित्र घालायचे. त्यातून ध्वनीचा संकेत चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, पण दोन चौकटी तारेने जोडल्या जात नाहीत. मेन्सच्या भूसंपर्काला हात लावायचा नाही.

भूसंपर्काची दुसरी मर्यादा जमिनीतच आहे. समजा, भूसंपर्क आहे, पण तो कोरड्या मातीत ठोकलेल्या सळईचा आणि त्याचा रोध २० ओहम आहे. बिघाड झाल्यावर धारा वाहील सुमारे ११ अँपिअर. सोळा अँपिअरची वितळतार ही धारा कितीही वेळ वाहू देईल. तोवर त्या भूसंपर्काला जोडलेली प्रत्येक चौकट, प्रत्येक माइक, प्रत्येक वाद्य दोनशे व्होल्टहून अधिक विभवावर राहील. अर्थिंग आहे, पण निकामी आहे. अशा वेळी अर्थिंगच बिघाड एका यंत्रावरून सगळ्या व्यासपीठावर पसरवते.

मिलिअँपिअर मोजणारा पहारेकरी

माणसाला वाचवायचे तर माणसाच्या मापाने मोजायला हवे, हे विसाव्या शतकाच्या मध्यावर स्पष्ट झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. हातात धरलेला विजयुक्त वाहक माणूस स्वतःहून कितीपर्यंत सोडू शकतो, हा त्यांचा प्रश्न होता. पुरुषांसाठी ही मर्यादा सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांसाठी सुमारे साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. ‘करंटने धरून ठेवले’ असे आपण म्हणतो त्याचा अर्थ हाच. गिटारची मान किंवा माइकचा दांडा मुठीत धरणाऱ्याला हा धोका सर्वांत जास्त.

१९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील हेन्री रुबिन यांनी खाणींच्या परिसरासाठी आणि ऑस्ट्रियातील गॉटफ्रीड बीगेलमायर यांनी घरगुती वापरासाठी गळती ओळखणारे संवेदनशील खटके विकसित केले. बीगेलमायर यांनी तर विजेच्या परिणामांचे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले होते. १९६१ साली डॅल्झिएल यांनी इलेक्ट्रॉनिक घटक वापरून अमेरिकेत असेच उपकरण बनवले. आज इलेक्ट्रिशियन ज्याला आरसीसीबी म्हणतात, आणि बरेच जण जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात, ते हेच.

त्याचे तत्त्व दहावीच्या विद्यार्थ्याला कळेल इतके सोपे आहे. विजयुक्त तार आणि तटस्थ तार या दोन्ही एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारी आणि येणारी धारा समान असेल तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. काही धारा एखाद्याच्या शरीरातून जमिनीत गेली, तर येणारी धारा तेवढी कमी पडते. कड्यात थोडे क्षेत्र उरते, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात धारा निर्माण होते आणि खटका पडतो. ३० मिलिअँपिअरचा खटका आपण वर काढलेल्या १५० मिलिअँपिअरला सेकंदाच्या पंचविसाव्या भागात परिपथ तोडतो. झटका बसतोच, पण बहुधा जीव वाचतो. निकामी अर्थिंगच्या वरच्या उदाहरणातही हा खटका कोणी हात लावण्याआधीच पडला असता, कारण ११ अँपिअर म्हणजे त्याच्या मर्यादेच्या साडेतीनशे पटींहून जास्त.

भारतीय विद्युत नियम, १९५६ यांत पुढे भर पडली आणि ठरावीक भारापेक्षा मोठ्या जोडण्यांना गळती-संरक्षक उपकरण आवश्यक ठरले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० आणि २०२३ च्या सुरक्षा विनियमांत ही तरतूद कायम आहे.

हा पहारेकरीही सर्वशक्तिमान नाही. लाकडी फळ्यांवर उभ्या असलेल्या माणसाने एका हाताने विजयुक्त आणि दुसऱ्या हाताने तटस्थ तार धरली, तर जाणारी आणि येणारी धारा समानच राहते. खटक्याच्या दृष्टीने तो माणूस म्हणजे एक दिवा! म्हणून आवरण, भूसंपर्क, वितळतार आणि हा खटका हे चौघेही लागतात.

मांडव, पाऊस आणि जनित्र

पक्क्या सभागृहात हे चौघे एकदा बसवले की काम भागते. तात्पुरत्या व्यासपीठावर दर वेळी नव्याने मांडणी होते. त्यात आपला मोठा उत्सव भाद्रपदात, ऐन पावसाच्या दिवसांत येतो. ओल्या त्वचेचा रोध कमी होतो, चिखलात उभ्या माणसाचे पाय जमिनीशी उत्तम जोडलेले असतात आणि सांधे दिलेल्या वायरी पाण्यातून जातात. बांबूच्या जागी लोखंडी सांगाडा आला की सोललेली एक तार सगळा मांडव विजयुक्त करू शकते.

मिरवणुकीत आणि मोकळ्या मैदानावर जनित्र वापरतात. जनित्राच्या तटस्थ तारेला भूसंपर्क दिलेला नसेल, तर पहिला बिघाड कोणालाही जाणवत नाही, कारण परिपथ पूर्ण होत नाही. खटकाही पडत नाही. दुसरीकडे दुसरा बिघाड झाला की मधला माणूस परिपथ पूर्ण करतो. म्हणून जनित्रावर खटका बसवताना तटस्थ तार, जनित्राची चौकट आणि जमीन यांचा जोड जाणकाराकडून करून घ्यावा लागतो. अर्धी यंत्रणा बेस्टच्या जोडणीवर आणि अर्धी जनित्रावर चालवणे टाळावे. गायकाचा माइक एका स्रोतावर आणि बेंजो दुसऱ्यावर, ही मांडणी हार्वीच्या अपघाताची आठवण करून देणारी आहे.

संमेलनापूर्वी

शाळेच्या सभागृहात कार्यक्रम असेल तर आधीच्या दिवशी पुढील गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही सुचवू. ध्वनियंत्रणेच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा खटका आहे का? त्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण दाबल्यावर तो पडतो का? पडत नसेल तर बदलून घ्यावा. सर्व प्लगना तिसरी पिन आहे का आणि तीन पिनांच्या वायरीला मध्येच दोन पिनांचा जोड दिलेला नाही ना? बोर्डाच्या सॉकेटला खरोखर भूसंपर्क आहे का, हे परवानाधारक तारतंत्रीकडून मोजून घ्यावे. नुसता टेस्टरचा दिवा लागला म्हणजे अर्थिंग चांगले, असे नाही. गायकांनी उभे राहण्यापूर्वी त्याच तारतंत्रीने माइकची जाळी आणि वाद्याच्या तारा यांच्यातील दाब मीटरने पाहावा. तो जवळजवळ शून्य असायला हवा.

माइकला ओठ लागताच मुंग्या आल्याची तक्रार एखाद्या विद्यार्थ्याने केली तर ती हसण्यावारी नेऊ नये. कधी ती उपकरणातील गाळणीच्या संधारित्रांतून येणारी अल्प, निरुपद्रवी धारा असते. पण भूसंपर्क तुटल्याची ती पहिली खूणही असते. बोर्ड बंद करूनच शोध घ्यावा.

मेन्सवर विद्यार्थ्यांनी कोणताही प्रयोग करू नये. खटक्याचे तत्त्व मात्र टॉर्चच्या सेलवर दाखवता येते. आवरणाच्या दोन तारा एकत्र धरून होकायंत्राभोवती पंधरा-वीस वेढे द्या. एका तारेतून धारा टॉर्चच्या बल्बकडे जाऊ द्या आणि दुसरीतून सेलकडे परत आणा. बल्ब लागतो, सुई हलत नाही. आता परतीची धारा वेढ्यांतून न आणता बाहेरून तिसऱ्या तारेने सेलकडे न्या. बल्ब तसाच लागतो, पण सुई वळते. ही तिसरी तार म्हणजे जमीन, असे विद्यार्थ्यांना सांगावे. मग त्यांना सभागृहातल्या बोर्डापाशी नेऊन तो खटका आणि त्यावरचे ‘टी’चे बटण दाखवावे.